मुलाखतींचं डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? थीम काढण्यापेक्षा ते वेगळं कसं?

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी तुमच्या आठ मुलाखती झाल्यात, गाइडनी डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस, म्हणजे बोलण्याचं विश्लेषण, करायला सांगितलंय आणि कितीही वाचलं तरी ते थीमॅटिक अ‍ॅनालिसिससारखंच, म्हणजे उत्तरांतले सामाईक विषय काढण्यासारखंच वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून माझा पहिला मसुदा परत का आला तेच सांगते.

माझा विषय होता : आईवडील किंवा सासूसासरे वृद्धाश्रमात असलेली माणसं त्याबद्दल कशी बोलतात. मी उत्तरं टाइप केली, रंगीत पेनांनी खुणा केल्या, 'अपराधीपणा', 'नाइलाज', 'लोक काय म्हणतील' अशा थीम काढल्या आणि प्रत्येकीखाली चार-चार अवतरणं लावली. माझ्या गाइड मॅडमनी एका ओळीभोवती गोल काढून समासात लिहिलं, "याआधी तू काय विचारलं होतंस?" ओळ अशी होती : "नाही म्हणजे, आम्ही काही त्यांना ठेवलं वगैरे नाहीये, त्यांनाच तिथं बरं वाटतं." तिच्यापुढे 'अपराधीपणा' लिहून मी मोकळी झाले होते.

माझे प्रश्न मी टाइपच केले नव्हते! रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मी विचारलं होतं, "मग तुम्ही त्यांना तिथं कधी ठेवलंत?" त्यानंतर सेकंदभराहून जास्त शांतता, एक श्वास, आणि मग ते "नाही म्हणजे". मुलाखत देणाऱ्या बाई माझाच शब्द मला परत करत होत्या. ठेवायचं ते सामान, नाहीतर दागिने. माझ्या क्रियापदात आरोप होता, तो त्यांनी बरोबर ओळखला. 'वगैरे' लावून तो शब्द चिमटीत धरून बाजूला केला आणि 'त्यांनाच'मधल्या 'च'ने निर्णय सासऱ्यांच्या पदरात टाकला. त्यांच्या मनात अपराधीपणा होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. या पद्धतीत ते सांगायची गरजही नाही. हे वाक्य त्या क्षणी, त्या प्रश्नापुढे काय काम करतंय, एवढं दाखवायचं.

थीम काढताना आपण बोलण्यातून पलीकडचा अनुभव बघू पाहतो. इथं बोलणं हीच कृती धरायची. जोनाथन पॉटर आणि मार्गारेट वेदरेल यांनी १९८७ सालच्या पुस्तकात हाच मुद्दा सामाजिक मानसशास्त्रापुढे ठेवला. एकच माणूस एकाच मुलाखतीत परस्परविरुद्ध बोलतो. अभिवृत्ती (एखाद्या गोष्टीबद्दलचा अनुकूल-प्रतिकूल कल) मोजणारी प्रश्नावली त्याची सरासरी काढून मोकळी होते. त्यांचं म्हणणं, तो विरोध कुठे आणि कशासाठी येतो तेच तपासा. त्यांनी उचललेली एक कल्पना गिल्बर्ट आणि मल्के यांच्या जीवरसायनशास्त्रज्ञांवरच्या अभ्यासातली आहे. स्वतःच्या निष्कर्षाबद्दल बोलताना शास्त्रज्ञ 'प्रयोगातून असं दिसलं' या थाटात बोलतात. प्रतिस्पर्धी चुकला हे सांगताना मात्र त्याचा हट्ट आणि पूर्वग्रह पुढे येतात. बोलण्याची अशी दोन तयार भांडारं, गरजेप्रमाणे हात घालायचा.

हे वाचल्यावर मला माझ्या बाई आठवल्या. स्वतःच्या घराबद्दल बोलताना चोवीस तास नर्स, वेळेवर जेवण, बरोबरीची माणसं, म्हणजे सगळी सोयीची भाषा. दहा मिनिटांनी शेजारच्यांनी तेच केल्याचं सांगताना : "आजकाल संस्कारच राहिले नाहीत हो." खोटं कुठेच नाही. मी मात्र ही दोन वाक्यं दोन वेगळ्या थीममध्ये टाकून त्यांची ताटातूट केली होती.

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांच्या वाटेने जाणारी दुसरी शाखाही आहे. त्यात इयान पार्कर, कार्ला विलिग ही नावं भेटतील. 'जबाबदार मुलगा', 'ओझं' असे साचे समाजात कुठून येतात आणि त्यात माणसाला कोणती जागा उरते, हे तिथं बघतात. कुठली शाखा हवी ते गाइडना आजच विचारा, नाहीतर दोन्हींची खिचडी होते.

तुमच्या हातात आठ मुलाखती आहेत, भरपूर झाल्या. सगळ्या एकदम घेऊ नका. दोन निवडा आणि स्वतःच्या प्रश्नांसकट, 'हं'सकट पुन्हा टाइप करा. संभाषण जसंच्या तसं लिहून काढण्यासाठी गेल जेफरसन या अभ्यासिकेनं बसवलेल्या खुणा वापरा : कंसात थांबण्याचे सेकंद, लांबवलेल्या स्वराला विसर्गासारखे दोन ठिपके, एकावर एक बोललं गेलं तिथं चौकटी कंस. तासाभराच्या रेकॉर्डिंगला मला चार दिवस लागले, आणि निम्मं विश्लेषण त्यातच झालं. संशोधनप्रश्नही बदलावा लागेल. 'मुलं असं का करतात' याचं उत्तर ही पद्धत देत नाही. 'केल्याचा हिशेब कसा देतात' याचं देते.

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मुलाखतींवरून टोकतील, तयारी ठेवा. पॉटर यांचीच एक मिश्किल कसोटी आहे : संशोधक त्या सकाळी विद्यापीठाच्या वाटेवर गाडीखाली आला असता तरी हे संभाषण झालं असतं का? मुलाखत तिथं नापास होते. माझं उत्तर होतं, 'ठेवलंत' हा शब्द मी टाकला आणि म्हणूनच तो कसा परतवला जातो ते दिसलं. चाललं. अंताकी, बिलिग, एडवर्ड्‌स आणि पॉटर यांचा २००३ चा लेख तेवढा नक्की वाचा. सारांश लिहिणं, बाजू घेणं, अवतरणांचा ढीग लावणं म्हणजे विश्लेषण नव्हे, असं त्यात सहा चुका घेऊन सांगितलंय. माझ्या पहिल्या मसुद्यात त्यातल्या निदान तीन होत्या.

प्रबंध इंग्रजीत असला तरी विश्लेषण मराठी संहितेवरच करा. माझ्या अकरा मुलाखतींत 'आम्ही ठरवलं' दोनदाच आलं, बाकी सगळीकडे 'मग बोलणं झालं आणि ठरलं'. कुणाचं बोलणं, कुणी ठरवलं, काही नाही. पाऊस पडावा तसं आपोआप ठरलं. भाषांतरात मी दोन्हींना एकच वाक्य लिहून बसले होते.