मुंबईतील कोरोनरचे पद पुन्हा आणून साऱ्या राज्याला लागू करावे का?

आपला प्रश्न असा आहे की, कोरोनरचे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याचे, पद पुन्हा निर्माण केल्यास संशयास्पद मृत्यूंचा तपास सुधारेल का. मराठवाड्यातील एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे शवविच्छेदने केली. त्या अनुभवावरून मला वाटते की, पदापेक्षा त्या पदाला इंग्लंडमध्ये आज असलेला एक अधिकार आपल्याला अधिक हवा आहे.

आपल्याकडील कोरोनर १८७१ च्या कायद्याने मोजक्या महानगरांपुरताच होता. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात तो आलाच नाही आणि मुंबईतील पदही १९९९ मध्ये रद्द झाले. आता सगळीकडे एकच रीत आहे. पोलीस पाटील खबर देतो, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार, पंचांसमक्ष पंचनामा होतो. या पंचनाम्यातून मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण नोंदवणे एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. प्रेत आणि कागद डॉक्टरांकडे येतात, पण डॉक्टरने घटनास्थळ पाहिलेले नसते. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अंतर्गत अवयवांचे नमुने, राखून ठेवला, तर अंतिम मत प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत थांबते आणि विधवेची मदतही त्या कागदापाशी अडते.

माझ्यासमोर एकाच शिवारातील तीन शेतकरी दीड वर्षाच्या आत आले. तिघेही रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देण्यासाठी विहिरीवर गेले होते आणि मोटार सुरू करताना शॉक लागून गेले. तिन्ही वेळा मी कारण अचूक लिहिले, तिन्ही वेळा घातपात नसल्याचे ठरले आणि फायली बंद झाल्या. शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख रुपये मिळण्यासाठी ते कागद कुटुंबांच्या उपयोगी पडले असतील, परंतु हे तीन मृत्यू एकाच विद्युत वाहिनीवरचे आहेत, तिची तपासणी करा, असे लिहायला माझ्या नमुन्यात रकाना नव्हता. मी तोंडी सांगितले. त्याचे पुढे काहीही झाले नाही. त्या तिघांतला तिसरा अवघ्या बावीस वर्षांचा होता, आणि त्याचा मृत्यू टाळता आला असता असे मला आजही वाटते.

इंग्लंडमधील कोरोनरला, चौकशीत पुढील मृत्यूंचा धोका दिसला, तर संबंधित खात्याला किंवा कंपनीला तसा अहवाल पाठवावाच लागतो. ज्याला तो जातो त्याने ५६ दिवसांत लेखी उत्तर द्यायचे असते, आणि असे अहवाल सामान्यतः प्रसिद्धही केले जातात. मला हवा असलेला अधिकार हाच.

तपास पोलिसांकडून काढून घेता येत नाही, असेही कोणी मानू नये. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, अशी दुरुस्ती २००५ मध्ये झाली आणि २००६ पासून ती लागू आहे. हेच तत्त्व पुढे नेऊन प्रत्येक जिल्ह्यात न्यायवैद्यक जाणणारा, पोलीस आणि महसूल या दोन्ही खात्यांपासून स्वतंत्र असा एक अधिकारी नेमावा. लातूर, नांदेड, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्यासाठी लागणारे शिक्षण आहेच. अशा अधिकाऱ्याने जिल्ह्यातील अकस्मात मृत्यूंचे सर्व कागद एकत्र वाचावेत, आणि त्याने पाठवलेल्या पत्राला ठरावीक मुदतीत उत्तर देणे वीज कंपनीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येकावर बंधनकारक असावे. सुरुवात शॉक आणि सर्पदंशाच्या मृत्यूंपासून करता येईल, कारण त्यांत आरोपी नसतो आणि म्हणूनच त्या फायली सर्वांत लवकर बंद होतात.