पाच वर्षांत पाच तास

प्रिय मित्रास,

पत्र मिळालं. तीन आठवडे झाले तरी ग्लायडरमधून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून, चार-चार मिनिटांच्या फेऱ्याच चालल्यात, उरलेला दिवस ग्लायडरच्या पंखाचं टोक धरून पळण्यात जातो, ही तुझी तक्रार वाचून हसू आलं. माझीही हीच होती.

ग्लायडर उडवणाऱ्या पहिल्यावहिल्या माणसांपैकी एक, ऑटो लिलिएंथाल, त्याचा हिशेब बघ. १८९१ ते १८९६ या काळात त्याने जर्मनीत दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली. हवेतला एकूण वेळ? जेमतेम पाच तास. हे गणित विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरने १९०१मध्ये एका भाषणात मांडलं होतं. सुरुवातीला हा गृहस्थ घरच्या बागेत मीटरभर उंचीच्या फळीवरून उड्या मारायचा. टेकड्या नंतर आल्या. १८९४मध्ये तर बर्लिनजवळ लिख्टरफेल्डेला त्याने १५ मीटरची मातीची टेकडीच उभी करून घेतली. वारा कुठूनही येवो, त्याच्याकडे तोंड करून धावता आलं पाहिजे ना!

यंत्र म्हणजे विलोच्या काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर सुती कापड. कोपरांवर भार देऊन लोंबकळायचं आणि पाय झोकून तोल सांभाळायचा. डावा पंख उचलला गेला की पाय डावीकडे. घाबरलेल्या माणसाचे पाय मात्र जमीन जवळ येते तिकडे जातात, म्हणजे नेमके उलटे. ही खोड मोडायलाच त्या छोट्या छोट्या उड्या.

९ ऑगस्ट १८९६ला वाऱ्याच्या झोताने यंत्राचं नाक वर गेलं आणि वेग संपला. अंग पुढे झोकूनही ते खाली येईना. पंधराएक मीटरवरून तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तुझे शिक्षक 'नाक खाली, वेग बघ' असं ओरडतात ना, ते यासाठी.

राइट बंधूंचंही तेच. १९०२मध्ये अमेरिकेतल्या किल डेव्हिल हिल्सच्या वाळूत त्यांनी शेकड्यांनी उड्डाणं केली. सगळ्यात लांबलेलं २६ सेकंदांचं! वळताना ग्लायडर घसरून खालचा पंख वाळूत रुतायचा. त्याला ते 'विहीर खणणं' म्हणत. मागचं उभं शेपूट हलतं केलं तेव्हा कुठे ते थांबलं.

माझी विहीर वेगळी. उतरताना नजर पुढच्याच गवतावर ठेवली आणि नाक वर-खाली करायचा दांडा लवकर ओढला. दोन पुरुष उंचीवरून धप्पकन बसलो, खालची पट्टी मोडली. उतरताना नजर मैदानाच्या पार टोकाला ठेव.

आणि पंखाचं टोक धरायचा कंटाळा करू नकोस. ग्लायडर ओढणारा दोर ताणला, तू पळायला लागलास की चार-सहा पावलांत टोकाचं वजन तळहातावरून नाहीसं होतं. पंख हवेवर टेकतो तो हाच क्षण. आत बसलेल्याला तो असा हाताने चाचपता येत नाही.

एक वही कर. उतरताना वारा कुठून होता, नजर कुठे होती, दांडा कधी ओढलास, एवढंच लिही. रविवारी वारा उठायच्या आत ये, आणि येताना वही आण.

तुझा,
म्हातारा शिक्षक