बायोकेमिस्ट्री कुणाला हवी आहे: मुलीला की घराला?

“मॅडम, मला बायोकेमिस्ट्री आवडते की आमच्या घराला आवडते, हेच कळेना झालंय.”

पीयूसी सेकंडची, म्हणजे बारावीची परीक्षा नुकतीच देऊन पुढं काय शिकावं हे विचारायला माझ्याकडं आलेली ही मुलगी बेळगावातल्या टिळकवाडीची. आजोबा रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बाबा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट, आत्या पुण्यात औषध संशोधनात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) अशी मुलं बेळगावातून येतात, खानापूर-निपाणीहूनही येतात. कुणाच्या घरात डॉक्टर, कुणाच्या घरात वकील. घरचा विषय घेतला तर ‘आयतं मिळालं’ असं ऐकावं लागतं आणि सोडला तर ‘घराण्याचं नाव घालवलं’.

बाबा सोबत आले होते. “आमच्यात सायन्स रक्तातच आहे बघा मॅडम. हिला वेगळं काय विचारायचं?” बोलण्यात कौतुकच होतं. पण मी मुलीला विचारलेल्या पुढच्या प्रश्नांची उत्तरंही त्यांनीच दिली. मग मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

तिला मी करिअरचं काही विचारलं नाही. कुणी सांगितलेलं नसताना, मार्क मिळणार नसताना, अलीकडे काय केलंस, एवढंच विचारलं. ती जरा लाजली आणि कुंद्याचं, म्हणजे आमच्याकडच्या दूध आटवून केलेल्या मिठाईचं सांगू लागली. दिवाळीत घरी कुंदा करताना तिनं दुधाचे तीन वाटे केले होते. एकात दही बेताचं, एकात जास्त, एकात अजिबात नाही. कण कसा पडतो, रंग कधी पालटतो, सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं. “दही जास्त झालं की नुसता चोथा होतो मॅडम. आणि रंग वरून घातलेल्या साखरेमुळंच येतो काय बघायला एका वाट्यात साखर उशिरा घातली. तरी थोडा आलाच. आजोबा म्हणाले, दुधातली साखर आणि प्रथिनं एकत्र तापली की रंग येतो. पण मला ते स्वतः बघायचं होतं.”

आजोबांचं उत्तर हातात असूनही तिला स्वतः बघायचं होतं. ही आवड उसनी नाही, असं माझं मत तिथंच झालं. पण माझ्या मतानं तिचा प्रश्न सुटणार नव्हता. म्हणून मी तिला बायोकेमिस्ट्रीतल्या, म्हणजे जीवरसायनशास्त्रातल्या संशोधक कमला सोहोनींबद्दल सांगितलं.

कमलाबाई मूळच्या भागवत, जन्म इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी बंगळूरच्या याच संस्थेत अर्ज केला. घराचा उपयोग झाला तो इथपर्यंत: अशी संस्था आहे आणि आपण तिथं जायचं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पुढं मात्र वडिलांची पुण्याई कामी आली नाही. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रह करून त्यांनी प्रवेश मिळवला, तोही पहिलं वर्ष अटींवर. तिथं त्यांनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. हे ऐकताच मुलगी पुढं सरकून बसली.

पुढं केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. पेशी ऊर्जा तयार करते, तेव्हा इलेक्ट्रॉन पुढं पोचवणारं हे प्रथिन. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईची विज्ञान संस्था. तिथं नीरेच्या पोषणमूल्यावर काम झालं. आपल्या वालातलं, ट्रिप्सिन या पाचक रसातल्या एन्झाइमला अडवणारं प्रथिनही तिथंच अभ्यासलं गेलं. वाल कच्चे खाऊ नयेत, नीट शिजवावेत, त्यामागचं एक कारण हेच.

आणि त्याच घरातली त्यांची बहीण म्हणजे दुर्गा भागवत. त्या लोकसाहित्य आणि संस्कृतीच्या अभ्यासाकडं वळल्या, 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. दोघींपैकी घराण्याला शोभली कोण, असा प्रश्न आज कुणी विचारत नाही. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी घेतलं तरी चालतंय आणि नाही घेतलं तरी चालतंय.” चालतं. पण घ्यायचं की नाही हे कामाजवळ जाऊन ठरव, असं मी सांगितलं. आत्याकडं चार दिवस जा, पण तिचे पुरस्कार विचारू नकोस. प्रयोग फसतो त्या दिवशी ती काय करते, तेच तेच मोजमाप महिनोन्महिने कसं करते, पैसे कधी मिळायला लागले, हे विचार. नुसत्या कौतुकाच्या गोष्टी ऐकून विषय निवडलेली मुलं पहिल्याच कंटाळवाण्या सत्रात खचतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

बाबांना सांगणं अवघड होतं. ते प्रेमळ गृहस्थ, आणि त्यांना वाटत होतं आपण तर तिला मोकळीकच दिली आहे. मी त्यांना एकच विनंती केली: निकाल लागेपर्यंत पाहुण्यांसमोर ‘आमची तिसरी पिढी’ अशी तिची ओळख करून देऊ नका. ते थांबले, म्हणाले, “मी असं म्हणतो?” दारातूनच मुलगी म्हणाली, “रोज म्हणताय की बाबा!” दोघंही हसले.

पुण्याहून ती परतली ती भरपूर प्रश्न घेऊन. आत्याचा एक प्रयोग तिच्यासमोरच वाया गेला होता आणि तो का गेला, हेच ती मला सांगत बसली. डॉक्टर व्हायचं नाही, हे तिनं घरात स्वतःच सांगितलं. बेळगावातच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., पुढं एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री, असं ठरलं. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षाही दे, असा बाबांनी आग्रह धरला आणि तो तिला पटला. आठवीतल्या धाकट्या भावाला चित्रकलेच्या परीक्षेला बसायचंय. बाबांनी त्याचा फॉर्म आणून दिलाय, असं तिनं परवा फोनवर सांगितलं.