घसा बसवून मिळालेले बघणारे

गेम स्ट्रीमिंगबद्दल, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवण्याबद्दल, या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतल्या सहा पत्रांना इथं उत्तरं देत आहोत. गाव छापलं आहे, नाव नाही.

मी बीजीएमआय (फोनवरचा गोळीबाराचा गेम, पबजीची भारतीय आवृत्ती) खेळतो. फोन कॅप्चर कार्डला (फोनचा पडदा लॅपटॉपमध्ये आणणारं उपकरण) जोडून लॅपटॉपवरून यूट्यूबवर लाइव्ह जातो. साधं बोललो तर पंधरा जण बघतात, आरडाओरडा केला की चाळीस होतात. पण आता रोज रात्री घसा बसतो आणि ते ओरडणं माझं मलाच खोटं वाटतं. – इचलकरंजी

बघणारे खरंच ओरडण्यामुळे वाढतात का, ते आधी तपासा. तुम्ही ओरडता कधी? खेळायची जागा आकसत शेवटच्या झोनवर आलेली, समोर दोन स्क्वॉड, म्हणजे संघ, उभे असताना. त्या वेळी माणसं तशीही थांबतात. यूट्यूब स्टुडिओत (चॅनलचे आकडे दिसतात तिथं) जुन्या स्ट्रीमचा आलेख उघडा, शेजारी रेकॉर्डिंग लावा आणि आलेख चढला त्या मिनिटाला खेळात काय चाललं होतं ते पाहा. मग ठरलेल्या वेळी, त्याच गेमवर चार स्ट्रीम करा : दोन ओरडून, दोन तुमच्या नेहमीच्या बोलण्यात. तुलना सर्वांत मोठ्या आकड्याची करू नका, माणूस सरासरी किती मिनिटं थांबला याची करा. पंधरातले चार जण जेवायला उठले तरी आलेख पाव भाग कोसळतो, तेव्हा एका रात्रीवरून काहीच ठरवू नका.

घसा बसण्याचं कारण अनेकदा हेडफोनमध्येही असतं. कान पूर्ण झाकलेले आणि गेमचा आवाज मोठा, मग स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही आणि माणूस नकळत आवाज चढवतो. हेडसेटला साइडटोन (स्वतःचा आवाज कानात ऐकवणारी सोय) असेल तर चालू करा, नसेल तर एक कान अर्धा उघडा ठेवा. माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर, जरा तिरका धरा. ओबीएसमध्ये (लाइव्ह जाण्याचं सॉफ्टवेअर) माइकला तीन फिल्टर याच क्रमानं लावा : नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट कमी करतं), कंप्रेसर (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करतो), लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ देत नाही). कंप्रेसरचा रेशो ४:१, थ्रेशोल्ड उणे २० डेसिबलच्या आसपास, आउटपुट गेन ५ ते ६ आणि लिमिटर उणे ३ वर. नेहमीचं बोलणं मीटरच्या पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ मध्ये हलायला हवं. हसताना-दचकताना लाल लागला तर लागू द्या. गेमचा आवाज तुमच्या बोलण्यापेक्षा दहा-बारा डेसिबल खाली. एवढं केलं की हळू बोललेलंही बघणाऱ्याला शेजारी बसल्यासारखं ऐकू येतं.

पंख्याच्या घरघरीसाठी नॉइज गेट (ठरलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारा फिल्टर) लावलं असेल तर तेही बघा. गेट मराठीवर जरा जास्तच अन्याय करतं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नेमका तिथंच आवाज उतरतो. ‘वरच्या मजल्यावर कोणी नाहीये’ यातलं ‘नाहीये’ गेटनं गिळलं की तुमचाच टीममेट जिन्याकडे बंदूक रोखून बसतो. होल्ड (बंद होण्याआधी गेट थांबतं तो वेळ) २०० वरून ४०० मिलिसेकंद करा आणि क्लोज थ्रेशोल्ड (गेट बंद होतं ती पातळी) आणखी खाली न्या.

आता खोटं वाटण्याबद्दल. कीर्तनकार घरी त्या पट्टीत बोलत नाही, म्हणून त्याचं कीर्तन खोटं ठरत नाही. कॅमेऱ्यासमोर थोडं जास्त बोलकं होणं चालतं. फक्त सलग तीन तास, हरत असतानाही निभावेल एवढाच सूर धरा. ‘आज खेळ बेकार झाला, आवरतं घेतो’ हे ज्या सुरात म्हणता येत नाही, तो सूर तुमचा नाही.

मराठीत बोलू की हिंदीत? मित्र म्हणतात, मराठीत वाढ होणार नाही. – परभणी

अचानक मागून गोळी आली की तोंडून जी भाषा निघते, ती धरा. मनात मराठी वाक्य जुळवून हिंदीत बोलायला जो अर्धा सेकंद जातो, तो बघणाऱ्याला जाणवतो. हिंदीचा बाजार मोठा आहे हे खरं, पण तिथं तुमच्यासारखेच हजारो उभे आहेत. व्हिडिओच्या तपशिलात भाषा मराठी निवडा, शीर्षकात ‘मराठी’ शब्द आणि गेमचं नाव दोन्ही घाला. ‘लूट’, ‘झोन’, ‘रश’ या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका, कोणी वापरत नाही. चॅटमध्ये हिंदी प्रश्न आला तर हिंदीत उत्तर देऊन परत मराठीवर या.

रंग ओळखून पैसे जिंकायच्या एका अ‍ॅपवाल्यांनी तीन स्ट्रीमचे पंधरा हजार देऊ केले आहेत. हा कौशल्याचा खेळ आहे, त्यामुळे कायद्यात बसतो असं ते सांगतात. – नाशिक

घेऊ नका. ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत या कायद्यानं कौशल्य आणि नशीब असा भेदच ठेवलेला नाही. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘बोलू नका, नुसती लिंक खाली टाका’ असं म्हणतील, तीही जाहिरातच.

सरळ जाहिरात, समजा हेडसेटची, जरूर घ्या. मात्र केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे लाइव्ह स्ट्रीममध्ये जाहिरातीचा खुलासा पूर्ण वेळ आणि ठळक दिसायला हवा. वस्तू फुकट मिळाली असेल तरी. इथं हमखास होणारी चूक अशी : ‘जाहिरात’ हा मजकूर ओबीएसच्या फक्त गेमच्या सीनमध्ये (पडद्याच्या मांडणीत) टाकलेला असतो, ‘पाच मिनिटांत येतो’ हा सीन लावला की पाटी गायब. म्हणून ओबीएसमध्ये पाटीचा वेगळा सीन करा आणि तो बाकीच्या प्रत्येक सीनमध्ये सोर्स म्हणून घाला. पाटी खाली ठेवू नका, प्लेअरच्या बटणांखाली झाकली जाते. अक्षरं फोनच्या पडद्यावर वाचता आली पाहिजेत, सुरू करण्याआधी स्वतःच्या फोनवर बघून घ्या. यूट्यूबच्या पेड प्रमोशनच्या चौकटीत खूणही करा.

पैशांआधी वस्तू मागा आणि आठवडाभर वापरा. ‘उणीव सांगायची नाही’ अशी अट करारात असेल तर ती काढून घ्या, निघत नसेल तर काम सोडा. हेडसेट दोन तासांत कान तापवतो हे तुम्ही लपवलंत, तर तो विकत घेणारा मुलगा तिसऱ्या दिवशी तुमच्याच चॅटमध्ये येऊन विचारणार आहे.

सुरुवातीला गर्दी दिसावी म्हणून पाचशे बघणारे विकत घेतले तर? – सोलापूर

पाचशे बघतायत आणि चॅटमध्ये तिघं बोलतायत, हे नवख्यालाही कळतं. यूट्यूबच्या नियमांत खोटे बघणारे बसत नाहीत. आकडे काढून टाकले जातात, चॅनलवरही कारवाई होऊ शकते. शिवाय तुमचा खरा आलेख त्या गाळात बुडतो आणि काय चालतंय, काय नाही, ते तुम्हालाच कळेनासं होतं.

मुलगी पंधरा वर्षांची आहे, माइनक्राफ्ट लाइव्ह करायचं म्हणते. ‘खरं वागायचं तर सगळं दाखवायला नको का?’ असं तिचं म्हणणं. – डोंबिवली

यूट्यूबनं २२ जुलै २०२५ पासून लाइव्ह जाण्याचं किमान वय १६ केलं आहे. तोवर रेकॉर्ड करून व्हिडिओ टाकू द्या. बोलण्याचा सराव त्यातही होतो आणि चुकलेलं कापता येतं.

‘सगळं दाखवणं’ मात्र अजिबात नको. ओबीएसमध्ये पूर्ण स्क्रीन नव्हे, फक्त गेमची खिडकी पकडा, नाहीतर मेल आणि ओटीपी सगळ्यांसमोर उघडे पडतात. कॅमेऱ्यामागे शाळेचा गणवेश, सोसायटीची पाटी दिसणारी खिडकी नको. पुढे कधी देणगीसाठी यूपीआयचा क्यूआर लावायचा झाला, तर आधी स्वतः एक रुपया पाठवून बघा : समोरच्याला बँकेतलं नाव दिसतं आणि कित्येकांचा यूपीआय आयडी म्हणजे फोन नंबरच असतो. गेम, विनोद, चिडचिड खरी असू द्या. पत्ता, शाळा आणि क्लासची वेळ यांचा त्याच्याशी संबंध नाही.

दोन वर्षं एकच गेम खेळून कंटाळलो. दुसरा लावला की बघणारे निम्मे होतात. – म्हापसा

होणारच, निम्मे त्या गेमसाठी आलेले असतात. पण एकाच गेमवर बसण्यातला धोकाही पाहा. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. बीजीएमआय २८ जुलै २०२२ ला स्टोअरमधून गेला तो मे २०२३ मध्ये परतला. प्लॅटफॉर्मचंही तेच. ‘निंजा’ नावानं गाजलेला अमेरिकी स्ट्रीमर ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विच सोडून मिक्सर या दुसऱ्या स्ट्रीमिंग साइटवर गेला, २२ जुलै २०२० ला मिक्सरच बंद पडलं.

आठवड्यातला एक ठरलेला दिवस नव्या गेमला द्या, वेळ तीच. बघणाऱ्यांचा आकडा झाकून ठेवा आणि चॅटमधली नेहमीची वीस नावं वहीत लिहा. त्यांतली किती जण त्या दिवशी आली, एवढंच सहा आठवडे मोजा. सात-आठ येत असतील तर दुसरा दिवसही द्या. गेम येत नाही हे आधीच सांगून टाका, लोकांना शिकवायला आवडतं. फक्त दहा जण एकदम सूचना द्यायला लागले की खेळणं अशक्य होतं, तेव्हा ‘विचारलं तरच सांगा’ हा नियम चॅटच्या वर पिन करा. शीर्षकात जुन्या गेमचं नाव घालून माणसं ओढू नका, ती दोन मिनिटांत निघून जातात. आणि स्ट्रीमच्या सेटिंगमधलं गेमचं नावही बदला, तिथं बहुतेकांचं जुनंच राहून जातं.