चटई क्षेत्र आणि चटई क्षेत्र निर्देशांक: चटई एकच का?

प्रश्न असा आहे: फ्लॅटच्या करारनाम्यात ‘चटई क्षेत्र’ म्हणजे कार्पेट एरिया, मग एफएसआयला, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते त्या प्रमाणाला, ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ का म्हणतात? तिथेही कार्पेटच मोजतात का?

नाही. निर्देशांकातली ‘चटई’ म्हणजे मजल्यावरचे बांधीव क्षेत्र, आणि त्यात भिंतींची जाडीही येते. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत तर मजल्याच्या बाह्यरेषेच्या आतले क्षेत्र बाल्कनीसकट धरतात. म्हणून १,००० चौ. मी. भूखंडावर १.१० निर्देशांक असला तरी विकायला ११०० चौ. मी. कार्पेट मिळत नाही. बातम्यांतल्या ‘वाढीव चटईक्षेत्रा’चा अर्थही बांधकामाची वाढीव परवानगी एवढाच. शब्द निवडताना गफलत झाली खरी, पण तो आता कायद्यात आणि तोंडात इतका रुळलाय की बदलायचा हट्ट नको.

करारातले चटई क्षेत्र २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याने बांधून दिले आहे. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस डक्ट (पाइप-वायरींसाठीची उभी पोकळी), स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची त्यात धरत नाहीत. आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरतात, आणि घोळ इथेच होतो. घरमालक एकेक खोली मोजून बेरीज करतो, ती कमी भरते आणि भांडण सुरू होते.

समजा, बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडांमध्ये घर १० × ६ मी. आहे. आतल्या भिंती १० सेंमी जाडीच्या, दारांच्या उंबऱ्यांसह एकूण १४ मी. लांब. खोल्यांची बेरीज ५८.६० चौ. मी. येईल, पण रेराचे चटई क्षेत्र ६०.०० चौ. मी. फरक साधारण १५ चौ. फुटांचा, आणि बिल्डरने काही लपवलेले नाही. बाहेरच्या भिंती १५ सेंमीच्या असतील तर १०.३० × ६.३० म्हणजे ६४.८९ चौ. मी. हे बांधीव क्षेत्र. त्यावर जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा चढवला की सुपर बिल्ट-अप. हा वाटा प्रत्येक बिल्डर आपल्या मर्जीने धरतो, त्यामुळे दोन इमारतींची तुलना त्या आकड्यावर करूच नये.

मोजताना टेप स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या पट्टीच्या) वर धरा, फरशीलगत नको. नाहीतर दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर जागा कमी दिसते. लांबी-रुंदी दोन्ही टोकांना घ्या आणि कर्णही ताडून पाहा, कारण खोल्या क्वचितच काटकोनात असतात. नकाशातली मापे बिनप्लास्टरची असतील तर १२ मिमी प्लास्टरनेच वरच्या उदाहरणात सुमारे चार चौ. फूट जातात.

महाराष्ट्रातल्या नमुना करारात अंतिम चटई क्षेत्रातल्या फरकाला ३ टक्क्यांची मर्यादा आहे; ६० चौ. मी.ला १.८० चौ. मी. तेव्हा करारनाम्यात नुसते ‘क्षेत्र’ लिहू नका. ‘रेरानुसार चटई क्षेत्र’ लिहा, आणि बाल्कनीचा आकडा वेगळा मागा.