मारू दे त्याला

अरे,

नाव लिहीत नाही. तुझी आई हे वाचणार आणि मला फोन करून विचारणार, पोराला एवढं का बोललास म्हणून. मराठीत लिहितोय कारण इंग्रजीत मला नीट चिडता येत नाही, आणि तुझ्या आजीने तुला वाचायला शिकवलंय त्याचा कधीतरी उपयोग व्हायला हवा.

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. काका, मी कोचला सांगू का की मला बुलपेनमध्ये टाका, एकच इनिंग टाकतो पण जोरात टाकतो, स्टार्टर होणं मला नाही जमणार. मी लाइट लावला, काकू दचकून उठली, म्हणाली कोणाला काय झालं, मी म्हटलं कोणाला काही नाही, एका पोराच्या डोक्यात भलतंच भरलंय, बेसबॉलची मॅच सुरू करणारा पिचर व्हायचं सोडून त्याला मागून येऊन एकच इनिंग टाकायचीय. मग झोप गेलीच, चहा केला आणि शनिवारच्या तुझ्या मॅचची स्कोअरची वही काढून बसलो.

वहीत काय आहे सांगतो. चार इनिंग, 91 पिचेस, पाच वॉक, म्हणजे चार-चार बॉल बाहेर टाकून पाच जणांना फुकटात पहिला बेस, आणि तीन हिट्स. आता परत वाच. तीन हिट्स! अरे त्यांनी तुला मारलंच नाहीये. एका इनिंगला जवळजवळ 23 पिचेस टाकलेस, पंधरा टाकले असतेस तर तेवढ्याच 90 मध्ये सहा इनिंग झाल्या असत्या आणि रात्री पावणेबाराला मला मेसेज न करता तू पिझ्झा खात बसला असतास.

तिसरी इनिंग आठव. त्यांचा नववा बॅटर, तो बारीक पोरगा, हेल्मेट सारखं डोळ्यावर येत होतं त्याच्या. दोन पिचमध्ये दोन स्ट्राइक. पोरगा घाबरलेला, बॅट जरा वर धरलेली, कसातरी बॉलला लावायचा एवढंच त्याच्या डोक्यात. गुडघ्याच्या उंचीला साधा फास्टबॉल टाकला असतास तर सेकंड बेसमनच्या हातात घरंगळता ग्राउंडर देऊन गेला असता तो. पण नाही, तुला स्ट्राइकआउट हवा होता, तिसरा स्ट्राइक टाकून स्वतःच आउट करायचा होता. कोपऱ्यात, अजून कोपऱ्यात, मग त्याच्याही बाहेर. मधे दोन फाउल, चार बॉल, आठ पिचेस खर्च करून तू त्याला पहिल्या बेसवर नेऊन बसवलंस.

आणि तेवढ्या वेळात मी तुझ्याकडे बघतच नव्हतो. मी दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या शॉर्टस्टॉपकडे बघत होतो. पहिल्या दोन पिचला तो चवड्यांवर होता. तिसऱ्या बॉलपर्यंत हात गुडघ्यांवर टेकले. वॉक झाला तेव्हा तो स्पाइकने मातीत खड्डा करत होता आणि परत बुजवत होता. पुढच्या बॅटरने त्याच्याच डावीकडे मारला, दोन पावलांचा बॉल, आणि हा निघाला उशिरा. वहीत ती हिट आहे. माझ्या मते तो तुझा एरर आहे.

मारू दे ना त्याला! मागे सात जण उभे आहेत, कशाला उभे केलेत ते?

हे वाक्य माझं नाही. मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगमधल्या आमच्या कॅप्टनचं आहे. बँकेत कारकून होता, पोट सुटलेलं, कव्हरला उभा राहायचा. मी तेव्हा वीस वर्षांचा, फास्ट बॉलर, म्हणजे मला तरी तसं वाटायचं. कांगा लीग पावसाळ्यात असते, विकेट ओली, टप्प्यावर टाकत राहिलं की बाकीचं काम विकेटच करते. आणि मी लांबून चिखलात घसरत पळत यायचो, स्टंप उडवायचे म्हणून, आणि फुलटॉस टाकायचो. कॅप्टन ओरडायचा, अरे मारू दे त्याला, मी इथे काय फुलं तोडायला उभा आहे का? मी ऐकलं नाही. दोन सीझननंतर टीममधून गेलो आणि पुढे कित्येक वर्षं सांगत फिरलो की क्लबमध्ये पॉलिटिक्स होतं. होतंही थोडं. पण फुलटॉस मीच टाकत होतो.

तू म्हणशील काका, क्रिकेटचं सोडा. बरं, तुझंच घे. डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स. पहिली सहा वर्षं 36 मॅच जिंकल्या, 40 हरल्या. हात विलक्षण, कंट्रोल नाही. 1960 मध्ये 175 इनिंगमध्ये 100 वॉक. 1961 च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये नॉर्म शेरी नावाच्या कॅचरने त्याला सांगितलं, जोर थोडा कमी कर आणि त्यांना मारू दे. बस, एवढंच. त्या वर्षी 255 इनिंग टाकल्या, वॉक 96, आणि गंमत बघ, स्ट्राइकआउट 269, नॅशनल लीगचा तेव्हाचा रेकॉर्ड! मागे लागणं सोडलं तरी आले ते आलेच.

त्याच्यापेक्षा मला रॉय हॅलाडे जास्त जवळचा, कारण त्याची पार इज्जत गेली होती. टोरोंटो ब्लू जेजचा पिचर, 2000 साल, ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेले रन, 10.64. दहा! 2001 मध्ये त्याला खाली पाठवलं, एक पायरी नाही, थेट डनीडिनला, मायनर लीगच्या खालच्या पायरीवर, सिंगल ए मध्ये, कालच्या पोरांच्यात. त्याच वर्षी मेल क्वीन या कोचने त्याला सांगितलं की तुझा फास्टबॉल जोरात येतो पण सरळ येतो. मग हाताचा अँगल खाली आणला, सिंकर, कटर, बॉल हलायला लागला आणि बॅटर मातीत मारायला लागले. 2003 ला साय यंग, लीगमधल्या सगळ्यात चांगल्या पिचरचं बक्षीस. त्याच सप्टेंबरात डेट्रॉइटसमोर दहा इनिंग टाकल्या, शून्य रन, 99 पिचेस. दहा इनिंगला 99, आणि तू चारला 91.

आता म्हणशील, काका तुमचा काळ गेला, आता सगळे ताशी 95 मैलांनी टाकतात. तू टाकतोस का? शनिवारी मॅच संपल्यावर मला मिठी मारायच्या आधी तू विचारलंस, "किती होता?" मी म्हटलं 88. सांगायला नको होतं. वेग मोजायची गन न्यायलाच नको होती.

ती गन काय आहे तुला माहिती नाही. माझ्या मुलासाठी घेतली होती, तो तेरा वर्षांचा असताना. प्रत्येक पिचला आकडा, घरी येताना गाडीत आकडा, जेवताना आकडा. पंधराव्या वर्षी तो 84 टाकायचा आणि मी सगळ्या पार्किंग लॉटला सांगितलं. सोळाव्या वर्षी कोपर गेलं. मनगटाजवळचं टेंडन काढून कोपरात बसवलं, टॉमी जॉन म्हणतात ते, एक अख्खं वर्ष बाहेर. परत आला तो, पण मन आलं नाही. आता बघ, तेव्हा सगळेच बाप जाळीमागे गन घेऊन बसायचे, मी काही जगावेगळं केलं नाही, आणि रिक्रूट करायला येणारे आकडाच बघतात हेही खरं आहे, आजही खरं आहे. डॉक्टर म्हणाले एकच कारण सांगता येत नाही. हे मी काकूला बऱ्याच वेळा सांगितलंय. ती काही बोलत नाही. मागच्या थँक्सगिव्हिंगला तो अंगणात मुलीशी कॅच खेळत होता, आणि डाव्या हाताने टाकत होता. राइटी आहे तो. मी विचारलं नाही.

तर बुलपेनचं. एक इनिंग टाकायची, ताकद सगळी ओतायची, हे काम वाईट नाही, शेवटची इनिंग टाकून मॅच संपवणारे चांगले क्लोजर दुर्मिळ असतात. पण तू क्लोजर व्हायला जात नाहीयेस, तू चौथ्या इनिंगपासून पळायला जातोयस. कारण तिथे तोच बॅटर दुसऱ्यांदा समोर येतो, तुझा फास्टबॉल त्याने बघितलेला असतो, आता तो मारणार हे तुला माहिती असतं, आणि तू त्याला मारायला देत नाहीस. मारू दे रे बाबा. दहापैकी सात वेळा आउटच होतात मारून, चांगले चांगले होतात.

कोचशी काही बोलू नकोस अजून. बुधवारी तुझं सरावाचं बुलपेन सेशन आहे ना, कॅचरला सांग ग्लोव्ह मधोमध धर, गुडघ्याला, हलवू नकोस. बॅटरपुढची प्लेट 17 इंच रुंद आहे, सगळे सतरा तुझे आहेत, तू दोन्ही कडांच्या दोन-दोन इंचांवरच संसार करतोयस. तीस पिचेस टाक, मुद्दाम हळू टाकलेले चेंजअप दहा तरी हवेत, शनिवारी मोजून चार टाकलेस, वहीत आहेत. आणि त्या शॉर्टस्टॉपला एकदा जेवायला घेऊन जा, पैसे नसतील तर मी देतो.

शनिवारी एकची मॅच आहे, मी तिसऱ्या बेसच्या बाजूला असेन, थर्मास घेऊन, गारठा असतो अजून. पहिल्या बॅटरला पहिलाच बॉल मधोमध टाक, बघू काय करतो तो. वही आणतो. गन नाही आणत, विकून टाकली. खोटं कशाला बोलू, गॅरेजमध्येच आहे, बॅटरी काढून ठेवलीय.

काका