फँटसी क्रिकेटमध्ये (खऱ्या मॅचमधले खेळाडू निवडायचे आणि त्यांच्या खेळावर गुण मिळवायचे, असा ऑनलाइन खेळ) पैसे लावून टीम बनवणं कायदेशीर आहे का?

नाही, आता नाही. आधी १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात कौशल्याच्या खेळाला सूट होती आणि २०१९ ला मुंबई हायकोर्टानेपण फँटसी स्पोर्ट्स म्हणजे जुगार नाही असंच धरलं, म्हणून सदाशिव पेठेत अभ्यासिकेतली पोरं ४९ रुपये टाकून बिनधास्त टीम लावायची. पण ऑगस्ट २०२५ ला संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात कौशल्य की नशीब हा वादच ठेवला नाही, एंट्री फी भरून पैसे जिंकायचे म्हटलं की बंदी. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत जेल, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाहीये. फुकटवाली टीम खुशाल बनवा, पण टेलिग्रामवर कुणी 'आपलं चालूये, यूपीआय कर' म्हणाला तर प्लीज एक रुपयापण पाठवू नका, बुडाला तर मागणार कुणाकडे?